सुगंधाची राखण

अंगणातील वृंदावनात डोलणाऱ्या तुळशीचे एक पान खुडून बोटांत चोळले, की क्षणार्धात त्याचा वास भोवती दरवळतो. पान झाडावर असताना मात्र त्याच्या जवळ नाक नेले, तरी तो इतका जाणवत नाही. तेच पान खुडून चार दिवस कडक उन्हात पडू दिले, तर ते काळवंडते, कोळपते आणि मग कितीही चोळले तरी त्याला पहिला वास येत नाही. चोळताच तो वास आला कोठून, आणि उन्हात तो गेला कोठे? प्रश्न साधे दिसतात; परंतु त्यांच्या उत्तरांवर हजारो शेतकऱ्यांची मिळकत, औषधांचे गुण आणि अत्तरांची कीर्ती अवलंबून आहे.

वनस्पतींचा सुगंध हा बहुधा त्यांच्यातील एका प्रकारच्या तेलाचा असतो. हे तेल शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलासारखे नव्हे. त्यांतील भेद घरच्या घरी पडताळून पाहता येतो. एका कोऱ्या कागदावर शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब टाकावा आणि त्याच्या शेजारी संत्र्याची ताजी साल दुमडून तिचा रस उडवावा. कागदावर दोन्ही ठिकाणी तेलकट डाग पडतील. काही वेळाने पाहिले, तर शेंगदाण्याच्या तेलाचा डाग तसाच असेल, पण संत्र्याच्या सालीचा डाग हळूहळू नाहीसा होत गेलेला दिसेल. पहिले तेल स्थिर होय. दुसरे हवेत उडून जाणारे. म्हणून त्याला बाष्पनशील तेल असे म्हणतात. उडून जाणे हा त्याचा स्वभाव आहे, आणि उडून नाकापर्यंत पोचते म्हणूनच त्याचा वास येतो. जो गुण त्याला सुगंधी करतो, तोच गुण त्याला आपल्या हातून निसटूनही जाऊ देतो. सुगंधाच्या व्यवसायातील सारी अडचण आणि सारी कुशलता या एका गोष्टीत साठवलेली आहे.

हे तेल वनस्पतीच्या अंगात सर्वत्र सारखे पसरलेले नसते. निसर्गाने त्याच्यासाठी निरनिराळ्या कुप्या घडविल्या आहेत. तुळस, पुदिना, मरवा यांच्या पानांवर भिंगातून पाहिले, तर बारीक ठिपक्यांसारख्या ग्रंथी दिसतात. अत्यंत पातळ आवरणाखाली त्यांत तेल साठलेले असते. पान चोळले की हे आवरण फाटते आणि तेल मोकळे होते. गवती चहाचे तेल पात्याच्या आतल्या पेशींत असते. ओवा, धने, बडीशेप यांच्या दाण्यांत तेलाच्या सूक्ष्म नळ्या असतात. संत्र्याच्या सालीवरील ठिपके म्हणजे तेलाच्या पिशव्याच होत. वाळ्याचे तेल तर जमिनीखाली, मुळांत दडलेले असते. कुपी कोठे आहे आणि तिची भिंत किती बळकट आहे, हे ज्याने ओळखले, त्यालाच तिच्यातील ठेवा सुखरूप बाहेर काढता येतो.

पहिला प्रसंग उभा राहतो तो वनस्पती वाळविण्याचा. कापलेल्या हिरव्या पाल्यात पाण्याचा अंश फार मोठा असतो. ओला पाला ढीग करून ठेवला, तर तो आतून तापतो, कुजू लागतो आणि त्याला आंबूस वास येतो. म्हणून पाणी काढून टाकणे आवश्यक ठरते. परंतु पाणी ज्या उष्णतेने जाते, त्याच उष्णतेने तेलही उडते. कडक उन्हात पानांवरील ग्रंथींची पातळ आवरणे तडकतात, आणि पाण्याच्या पाठोपाठ तेलही वाटेला लागते. यासाठी नाजूक पाने सावलीत, खेळत्या हवेत, पातळ थर देऊन वाळवितात. वाळवण्याच्या यंत्रांतही अशा पानांसाठी उष्णता सामान्यतः पस्तीस ते चाळीस अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देत नाहीत. सावलीतील वाळवणीला वेळ अधिक लागतो, हे खरे. पण घाईने वाचविलेला तो वेळ सुगंधाच्या मोलाने विकत घ्यावा लागतो.

सगळ्याच वनस्पतींवर वाळवणीचा परिणाम सारखा होत नाही. कोथिंबीर वाळली, की तिचा वास जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून ती सहसा कोणी वाळवून साठवीत नाही. उलट, त्याच झाडाचे दाणे हिरवे असताना उग्र वासाचे असतात, आणि पिकून वाळले म्हणजे त्यांना धन्यांचा गोड सुवास येतो. ओव्याच्या वाळलेल्या दाण्यांतील तेल महिनोन्महिने टिकते, कारण त्याच्या नळ्या दाण्याच्या आत सुरक्षित असतात. परंतु दाणे एकदा कुटले, की हा बंदोबस्त मोडतो. तेल काढण्यासाठी ओवा किंवा धने प्रथम भरडावे लागतात, आणि भरडल्यावर विलंब न लावता भट्टीत घालावे लागतात. घरोघरी मसाला ताजा कुटून वापरण्याची जी चाल आहे, तिच्या मागेही हेच कारण आहे.

काही वनस्पतींच्या बाबतीत वाळवणे हे नुकसान नसून संस्कारच ठरतो. पाचोलीच्या ताज्या पानांपासून तेल फार थोडे निघते. ती पाने सावलीत वाळवून काही काळ मुरू दिली, की पेशींच्या भिंती सैल पडतात आणि तेल सुलभतेने बाहेर येते. आले वाळून त्याची सुंठ झाली, म्हणजे तिचा तिखटपणा वाढतो. कारण वाळताना आल्यातील एका तिखट द्रव्यातून पाण्याचा अंश निघून जातो आणि त्याचे अधिक तिखट अशा दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होते. इटलीतील टस्कनी प्रांतात आयरिस नावाच्या फुलझाडाचे कंद काढून, सोलून, वाळवून वर्षानुवर्षे ठेवतात. ताज्या कंदाला ज्याची ओळखही नसते, असा नाजूक सुवास त्यात सावकाश निर्माण होतो. तेव्हा, ‘वाळवावे की वाळवू नये’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. ज्या त्या वनस्पतीचा स्वभाव पाहून उत्तर द्यावे लागते.

दुसरा प्रसंग तेल काढण्याचा. यातील जुनी आणि आजही सर्वाधिक प्रचारात असलेली रीत म्हणजे ऊर्ध्वपातन. बंद भांड्यात पाला व पाणी घालून खालून आच देतात, अथवा पाल्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेलाचीही वाफ निघते. ती नळीवाटे थंड भांड्यात नेली, की दोन्हींचे पुन्हा द्रवात रूपांतर होते. तेल पाण्यात फारसे मिसळत नसल्यामुळे ते बहुधा पाण्यावर तरंगते आणि अलगद काढून घेता येते. लवंगेचे तेल मात्र पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी बसते.

येथे एक शंका मनात येणे साहजिक आहे. पाणी शंभर अंशांवर उकळते. पण पुदिन्यातील मेंथॉल उकळण्यास दोनशे अंशांहून अधिक उष्णता लागते, आणि लवंगेतील युजेनॉल तर अडीचशे अंशांच्याही पुढे उकळते. मग पाण्याच्या वाफेने ही द्रव्ये बाहेर कशी येतात? याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. द्रव उकळतो, तेव्हा त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झालेला असतो. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापविले, म्हणजे हवेचा दाब पेलण्याचे काम एकट्याला करावे लागत नाही. दोघांच्या वाफांचा दाब एकत्र होऊन ते काम पार पडते. जड गाडी एका बैलाला ओढवत नाही. पण जोडीला दुसरा बैल मिळाला, की पहिल्यावर पडणारा भार हलका होतो, त्यातलाच हा प्रकार. पाणी बलवान बैलाप्रमाणे बहुतेक भार उचलते, तेल आपला अल्पसा वाटा उचलते, आणि शंभर अंशांच्या किंचित खालीच दोघे मिळून वाफेच्या रूपाने बाहेर पडतात. दोनशे अंशांच्या दाहात जे तेल करपून गेले असते, ते पाण्याच्या संगतीने सौम्य उष्णतेत सुखरूप येते.

तथापि ही सौम्य उष्णताही काही तेलांना सोसत नाही. फ्रान्समध्ये लॅव्हेंडर नावाच्या निळसर जांभळ्या फुलांची शेती होते. त्या तेलाच्या गोड सुवासाला कारण असलेला एक मुख्य घटक उकळत्या पाण्यात फार वेळ राहिला, तर त्याचे तुकडे पडतात आणि तेलाची प्रत उतरते. म्हणून ती फुले पाण्यात न बुडविता जाळीवर ठेवतात आणि त्यांतून थोडा वेळच वाफ सोडतात. वाळ्याची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. त्याचे तेल घट्ट आणि सावकाश उडणारे. पुदिन्याचे बहुतेक तेल दोन-तीन तासांत निघून येते. परंतु वाळ्याच्या मुळांना चोवीस तास किंवा त्याहूनही अधिक काळ वाफ द्यावी लागते. कंटाळून भट्टी लवकर विझविली, तर तेलातील उत्तम आणि टिकाऊ भाग मुळांतच राहून जातो.

ऊर्ध्वपातनाने तेल केवळ बाहेर येते असे नाही. कधी कधी त्याचे रूपही पालटते. कॅमोमाइल नावाच्या पांढऱ्या पाकळ्यांच्या औषधी फुलापासून वाफेने काढलेले तेल गर्द निळ्या रंगाचे असते. फुलात मात्र ते निळे द्रव्य मुळीच नसते! फुलातील एका रंगहीन द्रव्यापासून वाफेच्या उष्णतेत ते निर्माण होते. उष्णतेविना अर्क काढला, तर त्याला हा निळा रंग येत नाही. म्हणजे एकाच फुलापासून दोन रीतींनी दोन निराळे पदार्थ हाती येतात.

भारतात या कलेचे माहेरघर म्हणून उत्तर प्रदेशातील कनौज प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर आजही देग आणि भपका ही जुनी साधने वापरतात. देग म्हणजे तांब्याचा मोठा हंडा. त्यात फुले व पाणी घालून झाकण मातीने लिंपून बंद करतात. दोरी गुंडाळलेल्या बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात जाते. भपका हे थंड पाण्याच्या हौदात ठेवलेले तांब्याचे भांडे होय. परंपरेनुसार त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. फुलांचा चपळ सुगंध त्या स्थिर तेलात विसावतो आणि पुष्कळ काळ टिकतो. आच किती ठेवावी, भपका केव्हा थंड करावा, हे कारागीर भांड्याला हात लावून आणि आतील आवाज ऐकून ठरवितात. पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा सुवाससुद्धा ते भाजलेल्या मातीपासून याच रीतीने काढून अत्तरात उतरवितात.

गुलाबाच्या अत्तराची एक हकीकत बादशहा जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नोंदविली आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीची ही गोष्ट. नूरजहानची आई गुलाबपाणी तयार करवीत असता, गरम गुलाबपाणी ज्या भांड्यांत ओतले जाई, त्यांच्यावर एक तवंग येत असल्याचे तिला दिसले. तो तिने थोडा थोडा करून गोळा केला, आणि त्याच्या तीव्र सुवासाने सारा दरबार थक्क झाला. त्या तेलाला पुढे ‘इत्र-इ-जहांगीरी’ असे नाव मिळाले. त्या तवंगाचे मोल केवढे, हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. एक किलो गुलाबतेलासाठी साधारणपणे साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात, आणि तीही पहाटे, ऊन चढण्यापूर्वी खुडावी लागतात. कारण ऊन वाढू लागले, की फुलांतील तेल झपाट्याने घटते. इतके करूनही गुलाबाचा सगळा सुगंध तेलात येत नाही. त्यातील एक महत्त्वाचे द्रव्य पाण्यात विरघळणारे असल्यामुळे ते मागे गुलाबपाण्यात राहते. गुलाबपाणी आणि गुलाबतेल यांचे वास एकमेकांहून भिन्न असतात, ते यामुळेच.

आपल्या महाराष्ट्राचाही या व्यवसायाशी जुना संबंध आहे. खानदेशातील डोंगरउतारांवर रोशा अथवा तिखाडी नावाचे गवत उगवते. ते फुलोऱ्यावर आले असता कापून त्याचे तेल काढीत. त्यातील मुख्य घटक गुलाबाच्या तेलातही असतो, म्हणून त्याला गुलाबासारखा वास येतो. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानापर्यंत जाई. तेथे ते महाग गुलाबतेलात मिसळले जाई, आणि युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की’ तेल म्हणून ओळखीत. सातपुड्याच्या कुशीत वाढलेले गवत परक्या नावाने जगभर मिरवत होते!

काही सुगंधांना मात्र भट्टीची वाटच मानवत नाही. संत्र्या-लिंबाच्या सालीचे तेल उकळून काढले, तर त्याचा टवटवीतपणा जातो. म्हणून ते साल दाबून, आच न लावता काढतात. जाईची फुले खुडल्यावरही कित्येक तास सुगंध निर्माण करीत राहतात. त्यांना उकळत्या पाण्यात टाकणे म्हणजे त्यांचे हे काम मध्येच थांबविणे होय. फ्रान्समधील ग्रास या गावी पूर्वी काचेच्या तावदानांवर चरबीचा थर देऊन त्यावर अशी फुले पसरीत, आणि ती कोमेजली की नवी ठेवीत. चरबी तो सुगंध शोषून घेई. भारतात हेच काम तिळांकडून करवून घेत. तिळांच्या व फुलांच्या थरांवर थर रचून, फुले पुनःपुन्हा बदलून, मग ते तीळ घाण्यात घालीत. या तेलाला ‘फुलेल’ असे म्हणत. आता या रीती मागे पडल्या असून, तामिळनाडूतील कारखान्यांत जाई-मोगऱ्याचा सुगंध हेक्झेन नावाच्या द्रावकात विरघळवून घेतात आणि नंतर तो द्रावक उडवून देतात. या रीतीने सुगंध पुष्कळसा मूळच्यासारखा मिळतो. पण फुलांतील मेणही त्याच्याबरोबर येते, आणि द्रावकाचा अंश मागे राहू नये म्हणून फार दक्षता घ्यावी लागते.

अलीकडच्या एका रीतीत, जो वायू श्वासावाटे प्रत्येक जण बाहेर टाकतो, त्या कार्बन डायऑक्साइडची योजना केली जाते. एकतीस अंशांच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे त्र्याहत्तर पटींहून अधिक दाबाखाली या वायूची अवस्था मोठी चमत्कारिक होते. तो वायूसारखा सूक्ष्म रंध्रांत शिरतो आणि द्रवासारखा तेल विरघळवितो. दाब कमी करताच तो पुन्हा वायू होऊन निघून जातो आणि मागे अर्क राहतो. आच नाही, द्रावकाचा अंश नाही. मात्र एवढा दाब सोसणारी यंत्रे फार महाग असतात. म्हणून सामान्य शेतकऱ्याच्या बांधावर अजूनही वाफेची भट्टीच दिसते.

त्या भट्टीपाशीच या विद्येची खरी कसोटी लागते. उत्तर प्रदेशात पुष्कळ शेतकरी जपानी पुदिन्याचे पीक घेतात. त्याच्या तेलात सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के मेंथॉल असते. तेल थंड केले, की त्याचे लखलखीत स्फटिक जमतात. तेच पुढे औषधांत, दंतमंजनात आणि गोळ्यांत जातात. समजा, दोन शेजाऱ्यांनी एकाच दिवशी सारखेच पीक कापले. एकाने ओला पाला तसाच ढीग करून ठेवला. तो आतून तापला, कुजू लागला, आणि मग घाबरून त्याने तो दोन दिवस भर उन्हात पसरला. दुसऱ्याने पाला पातळ पसरून केवळ कोमेजू दिला. कोमेजलेला पाला भट्टीत अधिक मावला, सरपण कमी लागले, आणि तेलही पुरते उतरले. दोघांची जमीन सारखी, घाम सारखा, पाऊसपाणी सारखे. पण पहिल्याच्या हाती आले ते थोडे आणि हिणकस तेल. महिनोन्महिन्यांचे कष्ट दोन दिवसांच्या अज्ञानाने हवेत उडून गेले. असे नुकसान टळावे, यासाठी लखनौ येथील औषधी व सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संशोधन संस्था आणि कनौज येथे १९९१ साली स्थापन झालेले सुगंध व स्वाद विकास केंद्र यांतील शास्त्रज्ञ शेतकऱ्यांना मार्गदर्शन करीत असतात.

तेल बाटलीत आले, म्हणजे काम संपले असेही नव्हे. प्रकाश, हवा आणि उष्णता हे त्याचे शत्रू तेथेही पाठ सोडीत नाहीत. अर्धी भरलेली, उजेडात ठेवलेली बाटली हळूहळू आपला वास पालटते. म्हणून तेल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून थंड जागी ठेवतात.

सुगंध निर्माण करणे माणसाच्या हाती नाही. ते माती, पाणी आणि सूर्यप्रकाश यांचे काम आहे. पण त्यांनी दिलेला ठेवा राखणे किंवा गमावणे, हे सर्वस्वी माणसाच्या हाती आहे. तुळशीचे पान, वाळ्याचे मूळ, गुलाबाची पाकळी आणि संत्र्याची साल, प्रत्येकाचा स्वभाव निराळा. कोणाला सावली हवी, कोणाला आच. कोणाला घाई सोसत नाही, तर कोणाला विलंब. जो आधी वस्तूचा स्वभाव समजून घेतो आणि मग तिला हात लावतो, त्याच्याच हाती तिचा खरा गुण लागतो.